‘जितकी कडू, तितकी अस्सल’ म्हणणाऱ्यांसाठी

क्राफ्ट बिअरबद्दलचा एक मजकूर सध्या इकडून तिकडे फिरतोय. लिहिलाय मोठ्या ठसक्यात. आशय असा: डबल आयपीएसारखी (आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, डबल म्हणजे तिचा आणखी कडक प्रकार) स्ट्राँग, हॉपी, म्हणजे हॉप्स या वेलीची कडू, सुगंधी फुलं भरपूर घातलेली बिअर जोखायची तर लेबलवरचा आयबीयूचा, म्हणजे कडूपणाच्या एककाचा, आकडा बघा. आकडा मोठा म्हणजे बिअर अस्सल. वास घेत बसणं, आंबा-संत्र्याच्या गप्पा मारणं हे सगळं सोंग. कडूपणा जिभेच्या मागच्या टोकाला कळतो, म्हणून मोठा घोट घ्या. बर्फगार प्या, घशात जाळ झाला पाहिजे. पहिल्या घोटात काय ते कळतं. आणि आयपीए जन्मालाच आली ती बोटीवरच्या लांबच्या प्रवासात टिकण्यासाठी, तेव्हा बाटली वर्ष-दोन वर्षं ठेवलीत तर छान मुरेल.

यातलं बरंचसं मीही एके काळी मानत होतो. माझ्या चाखण्याच्या वहीत बिअरच्या नावाआधी आयबीयूचा रकाना होता, यावरून काय ते ओळखा. म्हणून आकड्यापासूनच सुरुवात करतो.

हॉप्सच्या शंकूसारख्या फुलांमध्ये ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट पूड असते. तिच्यातली अल्फा आम्लं मुळात फारशी कडू नसतात आणि पाण्यात नीट विरघळतही नाहीत. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड काढ्यात, म्हणजे वर्टमध्ये, ती तासभर उकळली की त्यांची रचना बदलते आणि आयसो-अल्फा आम्लं तयार होतात. बिअरचा कडूपणा मुख्यतः यांचा. लिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे ढोबळमानानं १ आयबीयू. आता हे मोजतात कसं ते पाहा. बिअरमध्ये आम्ल घालून आयसो-ऑक्टेनमध्ये तिचा अर्क काढतात, २७५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश त्यात किती शोषला जातो ते यंत्रावर पाहतात आणि येणाऱ्या आकड्याला ५० नं गुणतात. यंत्र शोषलेला प्रकाश मोजतं, चव नव्हे. त्या तरंगलांबीला प्रकाश शोषणारं जे जे अर्कात उतरलं, ते सगळं कडूपणाच्या खात्यावर जमा.

साध्या लागर बिअरला हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. हॉपी बिअरला मात्र आंबवण झाल्यावर थंड अवस्थेतच पुन्हा भरपूर हॉप्स घालतात, त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. त्यातून न बदललेली अल्फा आम्लंही थोडी बिअरमध्ये उतरतात. ती जिभेला जवळजवळ कळत नाहीत, पण यंत्राला दिसतात. शिवाय ह्युम्युलिनोन नावाची संयुगं येतात, ती आयसो-अल्फा आम्लांच्या साधारण दोन तृतीयांश कडू. म्हणजे ज्या बिअरसाठी लोक आकडा डोक्यावर घेऊन नाचतात, नेमक्या तिच्याच बाबतीत तो सर्वांत कमी भरवशाचा.

तोही मोजलेला असला तर! लेबलवरचे बरेच आकडे पाककृतीवरून सूत्रानं काढलेले असतात. सूत्राला विरघळण्याची मर्यादा ठाऊक नसते, हॉप्स वाढवत जा, आकडा वाढत जातो. प्रत्यक्षात तयार बिअरमध्ये आयसो-अल्फा आम्लं लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास पोचली की पुढे फारशी सरकत नाहीत. मिकेलर या डॅनिश ब्रुअरीनं तर ‘१००० आयबीयू’ नावाचीच बिअर काढली होती. हजाराचा हा आकडा कागदावरचा. मी तो विनोद म्हणून घेतो, लोक विक्रम म्हणून घेतात.

आणि समजा आकडा अगदी खरा निघाला, तरी जिभेला तो एकटा भेटत नाही. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण बिअरला लागू पडत नाही. इथे साखरेत घोळलं की फरक पडतो. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत डबल आयपीएचा आयबीयू ६० ते १०० दिलाय आणि इम्पीरियल स्टाउट या काळ्या, कडक बिअरचा ५० ते ९०. दोन्ही पट्टे बरेचसे एकावर एक येतात, पण स्टाउटमध्ये मागे उरलेली माल्टची गोडी आणि जाडी कडूपणाला गुंडाळून टाकते. एकदा मित्रानं बाटल्या झाकून तीन ग्लास पुढे ठेवले होते. सर्वांत कमी कडू म्हणून मी छातीठोकपणे जो उचलला, तो स्टाउट निघाला आणि तिघांत सर्वांत मोठा आकडा त्याचाच होता. मित्र अजून हसतो. त्याच मार्गदर्शिकेत हेझी, म्हणजे धुरकट दिसणाऱ्या, आयपीएचा आयबीयू २५ ते ६० आणि अल्कोहोल ६ ते ९ टक्के आहे. स्ट्राँगही आणि हॉपीही, तरी कडूपणा बेताचा. फिरत्या मजकुराच्या निकषानं हा सगळा प्रकारच नकली ठरेल.

जास्त हॉप्स म्हणजे जास्त दर्जा, हे समीकरण तर डबल आयपीएच्या जन्मकथेतच मोडतं. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत व्हिनी सिलुर्झोनं जी बिअर बनवली, ती आधुनिक डबल आयपीएची पहिली मानली जाते. उपकरणं जुनाट होती, चवीत काही दोष उतरला तर झाकला जावा म्हणूनही हॉप्सचा मारा केला, हे त्यानं स्वतःच सांगितलंय. पुढे रशियन रिव्हर ब्रुअरीत त्यानं ‘प्लिनी द एल्डर’ केली, ८ टक्क्यांची. तिची वाहवा मात्र इतक्या ताकदीची बिअर असूनही ती हलकी, कोरडी लागते म्हणून होते.

आता वासाचं सोंग. इथे मजकुराशी मी थोडा सहमत आहे. चाखणाऱ्यांच्या वर्णनांत भंपकपणा पुष्कळ असतो. ‘पावसाळी संध्याकाळी भिजलेल्या पाइनच्या जंगलातली पायवाट’ असं कुणी म्हणालं की माझाही हात कपाळाकडे जातो. पण म्हणून पाइनचा वासच काल्पनिक ठरत नाही. हॉप्सच्या तेलात मिर्सीन असतं, त्याचा वास राळेसारखा, हिरवा. लिनालूल फुलांकडे झुकतं, जेरानिओल गुलाबाकडे. सिट्रा, सिम्को अशा हॉप्सच्या जातींत गंधकयुक्त थायॉल असतात. त्यातलं ४एमएमपी नावाचं एक लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षाच्या वाइनमध्येही हेच संयुग सापडतं. थोडं असेल तर काळ्या करंट फळाचा, उष्णकटिबंधी फळांचा वास, जास्त झालं की सरळ मांजराच्या मुताचा. त्यामुळे ‘आंब्यासारखी’ म्हणणारा आणि ‘मांजर येऊन गेलंय का?’ विचारणारा, दोघंही एकाच ग्लासाबद्दल खरं बोलत असू शकतात. काही हॉप्समधून कांदा-लसणाचाही वास येतो. तोही लिहावा. चाखणं म्हणजे फळांची नावं घेत कौतुक करणं नव्हे.

ज्याला हे पटत नाही त्यानं नाक चिमटीत धरून घोट घ्यावा, गिळावा आणि मग नाक सोडावं. बंद नाकानं कडू, गोड, थोडं आंबट, बुडबुड्यांची चुरचुर आणि अल्कोहोलची ऊब एवढंच हाती लागतं. नाक सोडल्याबरोबर बाकीची बिअर ‘येते’. घशामागून नाकात चढणारा गंधच आपण चव म्हणून मिरवत असतो. बीजेसीपीच्या ५० गुणांच्या तक्त्यात वासाला १२ गुण आहेत, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. निव्वळ कडूपणाला वेगळा एकही गुण नाही, तो चवीच्या विसात गोडी, हॉप्स आणि मागे उरणाऱ्या चवीसोबत दाटीवाटीनं बसतो. वास सर्वांत आधी घ्यायचा, ओतल्या ओतल्या, कारण उडून जाणारी संयुगं वाट बघत नाहीत.

हॉप्स वाढवले की वासही त्याच पटीत वाढतो, हेही खरं नाही. ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी कॅस्केड जातीचे हॉप्स वेगवेगळ्या प्रमाणात घालून पाहिले, तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लिटरमागे ८ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर वासाची तीव्रता फारशी वाढली नाही, उलट तो लिंबूवर्गी फळांकडून पाल्याकडे, चहाकडे झुकला.

जिभेच्या नकाशाबद्दल वेळ घालवत नाही. गोड टोकाला, कडू मागे, हे चित्र १९०१ मधल्या एका जर्मन प्रबंधाच्या चुकीच्या वाचनातून पाठ्यपुस्तकांत शिरलं आणि तिथेच मुक्काम ठोकून बसलं. कडू ओळखणारे ग्राही (रिसेप्टर) जिभेवर सर्वत्र असतात, मागे थोडे जास्त संवेदनशील, इतकंच. मोठ्या घोटाची गरज नाही. गिळायचं मात्र असतं. वाइनसारखं थुंकून टाकलं तर कडूपणा किती रेंगाळतो आणि स्वच्छ संपतो की खरखरीत, तुरट होऊन घशाला चिकटतो, हे कळणारच नाही. जोखायचं असतं ते हे.

बर्फगार पिण्याचा सल्ला कुणाच्या सोयीचा आहे? ज्याच्या बिअरमध्ये लपवण्यासारखं काही आहे त्याच्या. थंडीनं गंध ग्लासातच अडकून राहतो आणि जीभ बधिर होते. फ्रीझरमधला बर्फ धरलेला ग्लास तर आणखी वाईट, बिअर फसफसून उठते आणि बर्फाचं पाणी तिच्यात उतरतं. स्ट्राँग हॉपी बिअर ७-८ अंश सेल्सियसला हातात घ्यावी आणि १२-१३ अंशांपर्यंत सावकाश चढू द्यावी. या पाच अंशांत पाककृतीचं पितळ उघडं पडतं. थंड असताना गुळगुळीत वाटलेली बिअर गरम झाल्यावर रंग काढायच्या द्रावणासारखी झोंबू लागली, तर आंबवणात गडबड झालेली आहे. यीस्टला उष्णता जास्त झाली की जड अल्कोहोलं वाढतात. मजकुरातला ‘घशातला जाळ’ बहुधा हाच. ८-९ टक्के अल्कोहोल छातीत हलकी ऊब देतं, त्यानं घसा सोलवटून निघता कामा नये.

ग्लासात ओतूनच प्यावी, हेही मी म्हणणार होतो, पण अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या द अल्केमिस्ट ब्रुअरीची ८ टक्क्यांची ‘हेडी टॉपर’ आडवी येते. तिच्या कॅनवरच लिहिलंय की कॅनमधूनच प्या. बनवणाऱ्याचा मान राखून मी ती ग्लासात ओतायच्या बाजूचा आहे. फेस हवा, आणि हॉप्सची कडू आम्लं फेसात जास्त साठतात, म्हणून नुसता फेस चाटून पाहण्यासारखा असतो.

आता मुरवण्याचं. या मुद्द्याची मला चीड आहे, कारण यापायी चांगल्या बाटल्या वाया जातात. हॉप्स बिअर टिकवतात हे बरोबर. त्यांची कडू आम्लं लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना रोखतात, बिअर आंबत नाही. पण न आंबणं आणि ताजी राहणं या दोन वेगळ्या गोष्टी. बाटलीतला किंचितसा ऑक्सिजनही आधी हॉप्सचा वास खातो. मग माल्टची गोडी वर येते, मधासारखी, पाकासारखी, शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखी. कडूपणाही बोथट होतो. हेझी आयपीए तर डोळ्यांदेखत मळकट करडी पडते. वर बाटली उन्हात राहिली तर प्रकाशानं कडू आम्लं तुटून स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीसारखं थायॉल तयार होतं, त्याला काही मिनिटंही पुरतात. तपकिरी काच थोडं वाचवते, हिरवी आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. हॉपी बिअर थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी आणि काही आठवड्यांत संपवावी. बार्लीवाइन (नावात वाइन असली तरी ही कडक बिअरच), इम्पीरियल स्टाउट मुरतात, कारण त्यांचा जीव माल्टमध्ये असतो.

बोटीची गोष्ट अर्धी खरी. लंडनच्या बो ब्रुअरीचा जॉर्ज हॉजसन आणि १८२० च्या दशकापासून बर्टन ऑन ट्रेंटचे ऑलसॉपसारखे ब्रुअर हिंदुस्थानात फिकट, भरपूर हॉप्सची बिअर पाठवत. आफ्रिकेला वळसा घालून तो प्रवास काही महिन्यांचा होता. पण पोर्टर नावाची काळी बिअरही त्याच वाटेनं जायची आणि पोचायची. त्या काळची आयपीए सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश बिअरमध्ये काही विशेष स्ट्राँग नव्हे. पिंपात महिनोन्महिने राहिल्यावर ती जशी लागे, तशीच ती लोकांना आवडे. सिट्राच्या वासाची तिथे अपेक्षाच नव्हती. आजच्या डबल आयपीएला त्या पिंपाचा न्याय लावून कसं चालेल?

राहिला पहिला घोट. कडूपणा घोटागणिक साचत जातो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या घोटाला बिअर पहिल्यापेक्षा कडू लागते. उलट, अशा बिअर रोज पिणाऱ्याची जीभ सरावते आणि त्याला आणखी कडू हवं होतं. सिलुर्झोनं याला ‘ल्युप्युलिन थ्रेशोल्ड शिफ्ट’ असं नाव दिलंय. आकड्यांच्या मागे लागलेल्यांचं बहुधा हेच झालेलं असतं. म्हणून ओळीनं चाखताना सौम्य बिअर आधी, कडक नंतर, मध्ये पाणी आणि साधा पाव, आणि प्रत्येकीचा थोडासा मासला पुरे. नऊ टक्क्यांच्या चार बिअर पूर्ण प्यायल्यावर कुणीही परीक्षक राहत नाही.

माझ्या वहीत आता प्रत्येक बिअरच्या दोन नोंदी असतात. एक ओतल्या ओतल्या, दुसरी अर्धा ग्लास संपल्यावर. दुसरीत बऱ्याचदा पहिलीतलं काहीतरी खोडलेलं असतं.