आधी तानपुरा, मग आत पाहणं
गाण्याच्या रियाजावरच्या एका लेखात रियाज म्हणजे स्वतःच्या आत पाहणं असं म्हटलंय, ते मनापासून पटलं. पण सुरुवात तानपुऱ्यापासूनच हवी. जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब यांच्या कोल्हापुरात तरी मोबाइलच्या तानपुऱ्यावर भागवू नये. आधी जोडीच्या मधल्या दोन तारा षड्जात (सा) लावायच्या, मग खर्जाची तार (खालचा सा), मग पंचमाची (प). बारीक फरक तारांत ओवलेल्या मण्यांनी काढायचा. इथल्या पावसाळ्यात तारा ताणायच्या खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात घसरतात. घसरल्या तर खडू लावा. घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा केसभर सरकला तरी झणकार मरतो.

मग 20 मिनिटं फक्त खर्जातला सा, आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत. श्वास संपत आला की सूर उतरतो, कारण हवेचा दाब कमी पडतो आणि उरलेली हवा आपण पिळून काढतो. थोडी शिल्लक असतानाच थांबा. रेकॉर्ड करा, पण दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर कान आपलीच बाजू घेतो.