सूत्रधार उभा कुठे राहायचा?

माझा मावसभाऊ साताऱ्याजवळच्या वाड्यात चालणाऱ्या एका डेली सोपमध्ये चार वर्षं धाकटा दीर होता. गेल्या महिन्यात तो त्याच मालिकेचा एपिसोड डिरेक्टर झाला आणि सांगलीच्या आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुंपली. काका म्हणतात, "रोल मिळेना, म्हणून गेला कॅमेऱ्यामागं." मावशी म्हणते, "बढती आहे ती." मी इथे अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकला बसून वाचतोय, आणि मला दोघांचंही पटत नाही.

इकडे नटाने दिग्दर्शन केलं तर कुणी भुवई उंचावत नाही. अ‍ॅलन अल्डा ह्या नटाने 'मॅश' ह्या टीव्ही मालिकेत डॉक्टर रंगवता रंगवता तीसेक भाग दिग्दर्शित केले, २८ फेब्रुवारी १९८३ ला लागलेला शेवटचा भागसुद्धा. खरा फरक आहे तो दिवसांचा. तासाभराच्या भागासाठी इथल्या दिग्दर्शकाला शूटिंगआधी आठवडाभर मिळतो, नंतर आपला कट, म्हणजे आपल्या मनासारखं संकलन, लावायला चार दिवस. युनियनने तसं करारातच लिहून घेतलंय. भावाला सीन मिळतो सकाळी, शिफ्ट लागल्यावर, तोही मोबाइलवर. आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक तर कायम रिकामीच. (मालक मात्र दिग्दर्शक इथेही नसतो हं. तिकडे चॅनेलवाले, इकडे शोरनर, म्हणजे अख्खी मालिका चालवणारा मुख्य लेखक-निर्माता.)

परवा त्याने व्हिडिओ कॉल चालूच ठेवला होता. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला, साउंडवाल्याने हात वर केला, सगळे थांबले. सून झालेली मुलगी ग्लिसरीन मागत होती. हा मॉनिटरपाशी उकिडवा बसून म्हणाला, "रडू नकोस गं. साडीची घडी घाल, आणि सासूबाई बोलल्या की ती मोडून पुन्हा घाल." टेक सुरू झाला तसे तिच्या संवादांबरोबर ह्याचेच ओठ हलत होते. ह्याला तयारीला आठवडा मिळाला असता तर? असो. त्या घडीसाठी वेळ लागला नाही, चार वर्षं दीर होऊन उभं राहणं लागलं.

मी ग्रुपवर लिहिलं: काका, आपल्याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार रंगमंचावरच उभा राहून पदं म्हणत खेळ पुढे न्यायचा. मग ह्यात मागं काय आणि पुढं काय?

काकांनी अंगठा टाकला. मावशीचा निरोप आला, "ते सगळं खरं रे, पण आता टीव्हीवर दिसणार कधी तो?"