आधी अर्ज, मग बातमी

पत्रकार व्हायचं पक्कं ठरलं असेल तर पहिली गोष्ट करा, बातम्या लिहिणं ताबडतोब बंद करा. दोन्ही एकदम जमत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या शाळेला अर्ज करावा की नाही, हे ठरवण्यातच माणसाचे दोन उन्हाळे जातात. त्या काळात नळाला पाणी का येत नाही असल्या फुटकळ चौकशांत वेळ घालवणं परवडत नाही. तुम्ही आधी मोठे व्हा. नळ कुठे पळून जात नाही, पाणी तर मुळात आलेलंच नाही.

निर्णय एकट्याने घेऊ नका. आपल्याकडे कुठलाही गंभीर निर्णय किमान एक काका, दोन मावश्या आणि सोसायटीचे खजिनदार यांच्या सल्ल्याशिवाय घेतला जात नाही. काका विचारतील, "जर्नालिझम? म्हणजे ते टीव्हीवर एकमेकांवर ओरडतात ते?" नम्रपणे हो म्हणा. मग ते म्हणतील, "त्याला अमेरिकेत कशाला जायला हवं?" हा पुढच्या वर्षभरात तुम्हाला विचारला जाणारा सर्वांत पत्रकारी प्रश्न असेल, म्हणून त्याचं उत्तर देऊ नका.

त्याऐवजी पदवीचं नाव सांगा. तिथे मिळणारी पदवी एम.एस. आहे. पत्रकारितेला मास्टर ऑफ सायन्स म्हणायचं कुणाला सुचलं माहीत नाही, पण मराठी मध्यमवर्गावर त्याचे अनंत उपकार आहेत. "धाकटा एमएसला चाललाय" एवढं एक वाक्य बोलून वडील लग्नाच्या हॉलमध्ये ताठ मानेने फिरू शकतात. समोरचा कॉम्प्युटर समजतो, वडील त्याला तसं समजू देतात, आणि जिलबी येईपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. अर्धसत्याची ही पहिली तालीम घरातच, फुकट होते.

अर्ज नाकारला जाईल अशी भीती वाटत असेल तर शाळेच्या संस्थापकाकडे बघा. जोसेफ पुलित्झर १८४७ साली हंगेरीत जन्मला. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढायला भरती होऊन तो तिकडे गेला, इंग्रजी तिथेच शिकला आणि पुढे 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राचा मालक झाला. पत्रकारितेची शाळा काढा, पैसे मी देतो, असा प्रस्ताव घेऊन तो १८९२ मध्ये कोलंबियाच्या दारात गेला. विश्वस्तांनी नकार दिला. तुम्ही शिष्यवृत्ती मागायला जाताय, तो थैली घेऊन गेला होता, तरी पहिल्या फेरीत त्याला बाद केलं! शाळा सुरू झाली १९१२ मध्ये, म्हणजे तो वारल्यावर वर्षभराने. मधल्या काळात त्याच्या आणि हर्स्ट या प्रतिस्पर्धी मालकाच्या पेपरांनी खपासाठी अशी काही झोंबाझोंबी केली की 'पीत पत्रकारिता', म्हणजे भडक, सनसनाटी पत्रकारिता, हा शब्दच त्यातून जन्माला आला. आज त्याच्या नावाचं पारितोषिक उत्तम पत्रकारितेसाठी देतात. चारित्र्य सुधारायला कधीही उशीर झालेला नसतो, फक्त मृत्युपत्र नीट करायला हवं.

कोलंबियातली ही शाळा उघडण्याच्या चार वर्षं आधी, १९०८ मध्ये, अमेरिकेतल्याच मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेची शाळा काढणाऱ्या वॉल्टर विल्यम्सकडे स्वतःची पदवी नव्हती. ही माहिती मुलाखतीत सांगू नका. बँकेत तर अजिबात नको.

आता निबंध. अर्जाचं पोट म्हणजे हा निबंध, 'पत्रकारिताच का' यावर. त्यात आजी लागते. जगभरातल्या सगळ्या यशस्वी निबंधांत एक आजी असते, अशी सगळ्या सल्लागारांची श्रद्धा आहे. आजी पहाटे उठून कंदिलाच्या उजेडात पेपर वाचत असे आणि शेजारच्या निरक्षर बायकांना अर्थ समजावून सांगत असे. तुमची खरी आजी पेपरातलं फक्त राशिभविष्य वाचत असेल आणि उरलेला पेपर पोळ्यांच्या डब्यात घालत असेल, तर लाजू नका. राशिभविष्याची 'ग्रामीण स्त्रियांची माध्यम-साक्षरता' करता येते. कंदील मात्र ठेवा. आजी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहत होती आणि घरात ट्यूबलाइट होती, हे तपासायला न्यूयॉर्कहून कुणी येत नाही. तथ्यांची पडताळणी हा विषय प्रवेश मिळाल्यावर असतो.

आजीनंतर 'आवाज नसलेल्यांचा आवाज' आला पाहिजे. ज्यांचा आवाज तुम्ही होणार आहात, त्यांना विचारत बसू नका. ते बोलायला लागले तर शब्दमर्यादा ओलांडली जाते.

शिफारसपत्रांसाठी तुम्ही जिथे सहा महिने उमेदवारी केलीत त्या संपादकांकडे जा. (मीही एकदा गेलो होतो. पेपरचं नाव सांगत नाही, त्यांच्याकडे माझे दोन महिन्यांचे पैसे अजून आहेत.) ते प्रेमाने बसवतील, चहा सांगतील आणि म्हणतील, "असं कर, तूच लिहून आण, मी सही करतो." घरी येऊन स्वतःबद्दल, तृतीयपुरुषी, चढत्या भाजणीने लिहा. 'माझ्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत असा चिकित्सक तरुण मी पाहिलेला नाही.' संपादक ते न वाचता सही करतील, यावरून त्यांच्या कारकिर्दीचाही अंदाज येतो.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात विनोद कमी आहे. ऑगस्ट ते मे असा दहा महिन्यांचा अभ्यासक्रम. फी, राहणं, खाणं, विमा मिळून लाखभर डॉलरच्या वरच जातं. रुपयांत म्हणजे कोटीच्या आसपास. बँकेचे साहेब फाइल उलटसुलट करून विचारतात, "एमएस ना? मग पॅकेज किती?" तुम्ही म्हणता, लोकशाहीचा चौथा स्तंभ. ते म्हणतात, "तो तारण म्हणून चालत नाही. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?" फ्लॅट आईवडिलांच्या नावावर असतो. नोकरीचं विचारलंत तर शिक्षण संपल्यावर वर्षभर तिथे काम करायची परवानगी मिळते, आणि त्या वर्षात अमेरिकेतली वर्तमानपत्रं स्वतःच काम शोधत असतात.

एवढं करून तिथे शिकवतात काय, हेही ऐकून ठेवा. पहिल्याच सत्रात तुमच्या हाती न्यूयॉर्कचा एखादा भाग किंवा विषय सोपवतात आणि सांगतात, जा, चाला, लोकांशी बोला. मग तुम्ही थंडीत कुडकुडत ब्राँक्समधल्या एखाद्या इमारतीच्या दारात उभे राहता आणि अनोळखी बाईला विचारता, तुमच्याकडचा कचरा किती दिवस उचललेला नाही? हीटर कधीपासून बंद आहे? घरमालक फोन उचलतो का? ती बाई उत्तर देते, तुम्ही ते टिपून घेता, प्राध्यापक ते लाल करून परत देतात, तुम्ही पुन्हा त्या दारात जाता. ही तालीम खरोखर चांगली आहे, यात मी थट्टा करत नाही. असं कुणी हाताला धरून परत परत दारात पाठवणारं इथल्या डेस्कवर मिळत नाही. माझ्या डेस्कवर कुणी बाहेर गेलेलं दिसलं तर रजेचा अर्ज मागतात. सांगायचा मुद्दा इतकाच, की कचऱ्याबद्दल विचारायला आधी कोटीभर रुपये आणि व्हिसा लागतो. तोच प्रश्न आपल्या गल्लीत विचारला तर लोक म्हणतात, नगरसेवक व्हायचंय वाटतं.

काही खडूस माणसं तुम्हाला या टप्प्यावर इतिहास सांगायला येतील. त्यांच्यापासून जपा. म्हणतील, बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं तेव्हा ते विशीत होते. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी, आणि शिफारसपत्र एकही नाही. टिळक-आगरकरांची इंटर्नशिप डोंगरीच्या तुरुंगात झाली, १८८२ मध्ये, १०१ दिवस. या सगळ्याला ठाम उत्तर द्या, तेव्हा स्पर्धा कमी होती.

फक्त एका उदाहरणाला उत्तर नाही, तेवढं निघालं की पाणी आणायला आत जा. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात पोचले. पत्रकारितेची शाळा तिथे जेमतेम वर्षाची होती, त्याच आवारात. त्यांनी शिकायला घेतलं अर्थशास्त्र. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र. परत आल्यावर ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' पाक्षिक काढलं, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. म्हणजे कोलंबियात जाऊन, पत्रकारितेच्या शाळेत नाव न घालता, चार पत्रं. हे मनावर घेतलंत तर तुम्हाला अर्थशास्त्र शिकावं लागेल, आणि ते अवघड आहे.

आणि तालुक्याच्या वार्ताहराकडे तर अजिबात बघू नका. त्याच्या दुचाकीच्या डिकीत एक वही, एक रेनकोट आणि जाहिरातींची पावती-पुस्तकं असतात. २६ जानेवारीच्या पुरवणीसाठी सरपंचांकडून शुभेच्छांची जाहिरात आणायची आणि त्याच सरपंचांच्या रस्त्याची बातमीही द्यायची, हे तो रोज एकाच डोक्याने करतो. मानधन विचाराल तर हसतो, कमिशन विचाराल तर चहा पाजतो. त्याने व्यावसायिक नीतिमत्तेवर परिसंवाद ऐकलेला नाही. तुम्ही त्या विषयावर सहाशे शब्द लिहिलेत, तेही एका यंत्राकडून घासूनपुसून घेऊन, 'माझा स्वतःचा सूर' या शीर्षकाखाली.

तर असा हा अर्ज. मुदत डिसेंबरात संपते आणि तुम्ही अर्थातच शेवटच्या रात्री बसता. आईने दुधाचा पेला ठेवलाय, त्यावर साय धरलीय. साडेअकराला बेल वाजते. दारात सोसायटीचे वॉचमनमामा, हातात टँकरचं रजिस्टर.

"जागे दिसलात म्हणून आलो. तुम्ही पेपरात होता ना?"

"होतो. काय झालं?"

मामा रजिस्टर उघडून बोट ठेवतात. निळ्या रेघांचं पान, कडेला चहाचा गोल डाग. सकाळी सहा दहा, टँकरचा नंबर, दहा हजार लिटर, सही. खाली सहा पंचवीस, तोच नंबर, दहा हजार लिटर, सही. मागची पानं उलटतात. मंगळवारी तसंच. शनिवारी तीनदा.

"पाणी भरायचं ठिकाण इथनं नऊ किलोमीटर, वर तिथं तासाची लाइन," मामा म्हणतात. "टँकर येतो एक, सह्या घेतात दोन. ड्रायव्हर म्हणतो वरून सांगितलंय. महिन्याच्या बिलाला सगळे पैसे भरतात, माझ्या सहीवर. उद्या काय झालं तर माझ्याच अंगावर येईल. तुम्ही जरा लिहून द्याल का कुठं?"

इथे डळमळू नका. मामांच्या खांद्यावर हात ठेवा, आवाज खाली आणा आणि म्हणा, "मामा, पंधरा तारखेनंतर बघू. सध्या माझं फार महत्त्वाचं काम चाललंय."

मामा रजिस्टर मिटून काखेत धरतात, जिन्यातला दिवा घालवत खाली जातात. तुम्ही परत टेबलाशी येता. पडद्यावर शेवटचा परिच्छेद उघडा आहे, 'मला शोधपत्रकारिता शिकायची आहे, कारण'. कोपऱ्यात शब्दसंख्या दिसतेय, ६११. मर्यादा ६०० ची. अकरा शब्द काढायचेत. आजी काढवत नाही.