'बघण्यासारखं काहीच नाही' म्हणणाऱ्या वाचकास

'एक वाचक' या नावाने आलेली प्रतिक्रिया कालपासून डोक्यात घोळते आहे, म्हणून सविस्तर उत्तर. नॉर्वेच्या ईशान्य टोकाला, वादसोहून वार्द्यो आणि तिथून हामनिंगबर्ग, असा मोटारहोममधला, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाडीतला, एक दिवस मी लिहिला होता. त्यावर आपण लिहिलंत: 'बाई, ज्या मुलखात बघण्यासारखं काहीच नाही तिथे दिवसभर गाडी चालवायची आणि वर एवढं पाल्हाळ कशाला? पैसे जास्त झाले की उजाड माळही सुंदर दिसतो.' शिवाय खर्चाचा आकडा दिलेला नाही, गाडीतल्या संडासाचा मैला साठतो त्या डब्याचं वर्णन किळसवाणं आहे आणि एवढ्या पैशांत स्वित्झर्लंड झालं असतं, हेही.

खर्चाचं मान्य. पुढच्या भागात भाडं, डिझेल, कॅम्पिंगचे पैसे, सगळं देते.

पण 'पैसे जास्त झाले की' हे कुठल्या अधिकाराने? स्वतःचं नाव लिहायचं नाही आणि दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा, ही कुठली रीत? माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, दहिवडी डेपोला. मुक्कामी गाडी असली की गाडीतच झोपायचे. गाडीत झोपणं ही आमच्या घरात चैन नव्हती, नोकरी होती. अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट कशी द्यायची, थांबलो तर हात कसा वर करायचा, हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. आणि 'बघण्यासारखं काहीच नाही' हे वाक्य तर मी लहानपणापासून ऐकते आहे. साताऱ्याच्या कोरड्या माण तालुक्यात आमच्याकडे पाहुणे आले की हेच म्हणायचे. आई ऐकून घ्यायची. मी घेणार नाही.

काय नाही तिथे? वादसो सोडलं की थोड्याच वेळात एकेरॉय लागतं. कड्यावर समुद्रपक्ष्यांची एवढी दाटी की कलकलाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वार्द्यो बेटावर आहे. तिथे समुद्राखालच्या बोगद्यातून जावं लागतं. १९८२ साली सुरू झालेला हा नॉर्वेतला समुद्राखालचा पहिलाच रस्ता. बेटावर स्टाइलनेसेटचं स्मारक आहे. सतराव्या शतकात फिनमार्कमध्ये, म्हणजे नॉर्वेच्या या उत्तर टोकाच्या प्रांतात, चेटुकाच्या आरोपावरून ९१ जणांना ठार मारलं गेलं, त्यात बहुतेक बायका. स्मारकाच्या लांबलचक अंधाऱ्या बोळात माणसागणिक एक खिडकी, एक दिवा आणि भिंतीवर त्या माणसाची हकीकत. कोणावर काय आरोप, कबुली काय, शिक्षा काय. मी एकेक वाचत गेले. बाहेर वारा एवढा होता की दार दोन्ही हातांनी ढकलावं लागलं.

आणि 'उजाड' म्हणाल, तर त्यातलं निम्मं माणसाने केलेलं आहे. १९४४ च्या शरद ऋतूत माघार घेताना जर्मन सैन्याने फिनमार्कमधली घरं, शाळा, धक्के, गोठे जाळत नेले. लोकांना हुसकावून लावलं. आज त्या किनाऱ्यावर दिसणारी साधी, एकसारखी घरं बहुतेक युद्धानंतरची आहेत. हामनिंगबर्ग मात्र जळण्यातून वाचलं. युद्धाआधीची लाकडी घरं तिथे अजून उभी आहेत. वस्ती १९६० च्या दशकात उठली. आता लोक येतात ते उन्हाळ्यापुरते. हे गाव बघायला मी गेले होते. तुम्हाला त्यात काही दिसलं नाही, तर तो प्रश्न गावाचा नाही.

तिथवरचा रस्ता एका गाडीपुरता, हिवाळ्यात बंद. दोन्ही बाजूंना उभे, दातेरी खडक. मध्येमध्ये निळ्या पाटीवर पांढरा 'एम', म्हणजे समोरच्याला वाट द्यायची जागा. एका वळणावर रेनडिअरची मादी पिलासकट रस्त्यात उभी. हिवाळ्याची लोकर चिंध्यांसारखी लोंबत होती, तिच्याखाली नवे गडद केस. मी इंजीन बंद केलं. हॉर्न वाजवला नाही, कारण ही जनावरं मोकळी फिरत असली तरी बेवारस नाहीत. सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या, पशुपालकांची आहेत, कानावर मालकाची खूण कापलेली असते. ती गेली तेव्हा आम्ही गेलो. याला तुम्ही पाल्हाळ म्हणता. माझ्या मते त्या दिवसाचा हाच गाभा होता.

स्वित्झर्लंड तुम्ही खुशाल करा, माझं काही म्हणणं नाही.

राहिला संडासाचा डबा. मोटारहोमने जायची ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी तो परिच्छेद लिहिला आहे. नॉर्वेत मोकळ्या रानात तंबू ठोकायची मुभा १९५७ च्या कायद्याने सगळ्यांना आहे, राहत्या घरापासून दीडशे मीटर दूर राहून. पण त्या मुभेत गाडी रानात घालणं बसत नाही आणि डबा वाटेल तिथे ओतणं तर नाहीच. तो ठरलेल्या केंद्रावरच रिकामा करायचा: झाकण फिरवून ओतायचा, पाण्याने दोनदा खळबळून धुवायचा, औषध घालून परत बसवायचा. दोन दिवसांत हे करावंच लागतं, कितीही सुंदर जागी असा. आपले लोक आता तिकडे मोठ्या संख्येने जाऊ लागले आहेत. हे आधी माहीत असलेलं बरं. तो परिच्छेद मी काढणार नाही.