बाहेरचं की आतलं?

मूळव्याध मला आहे, सासऱ्यांना नाही. हा खुलासा आधीच करून टाकतो, कारण परवापासून टेकडीवर नेमकं उलटं बोललं जातंय.

डॉक्टरांची चिठ्ठी मी चौघडी करून मेडिकलच्या काउंटरवर सरकवली. तिथल्या पोऱ्याने ती उलगडली, ट्यूबलाइटखाली धरली आणि माळ्याकडे बघून ओरडला, "दादा, मूळव्याधीचं मलम आहे का वर?"

माळ्यावरून आकाशवाणी झाली, "कुठलं? बाहेरचं की आतलं?"

पोऱ्याने माझ्याकडे बघितलं. रांगेनेही बघितलं.

"रक्त पडतं?" शेजारच्या काकांनी विचारलं. हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर. नाव नाही, गाव नाही, थेट रक्त!

"माझं नाही हो," मी म्हणालो. "सासऱ्यांसाठी नेतोय."

"मग सुरण द्या त्यांना. संस्कृतात सुरणाला अर्शोघ्न म्हणतात. अर्श म्हणजे..."

"आलं लक्षात."

"...मूळव्याध," काकांनी वाक्य पुरं केलंच. "चिंचेच्या पाण्यात उकडायचा, नाहीतर घसा खाजतो. मग तुपात परतायचा."

"आमसूल घातलं तरी चालतं," मागून एक काकू.

"चिंचच हवी!"

"आमच्याकडे आमसूलच घालतात."

माझं दुखणं बाजूला राहिलं आणि पाककृतीवरून जुंपली. मी मेलेल्या आवाजात पोऱ्याला म्हणालो, "दोन्ही दे." तो पुन्हा माळ्याकडे वळला. "दादा, दोन्ही!"

त्याच वेळी एका मुलीने सॅनिटरी पॅड मागितले. त्याच पोऱ्याने ते न बोलता वर्तमानपत्रात गुंडाळले, वर काळी पिशवी चढवली आणि स्मगलिंगचा माल द्यावा तसे खालच्या मानेने दिले. म्हणजे लपवण्याची कला त्याला येते. फक्त जिथे लाजायचं काहीच कारण नाही तिथे तो ती वापरतो, आणि माझं मलम मात्र काउंटरच्या मधोमध, नाव वर करून.

24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. चांगला 547 पानी निकाल आहे. त्यातलं एक पान कुणी माझ्या मलमाभोवती गुंडाळलं असतं तरी भरून पावलो असतो. विनोद सोडा, पण चिडचिड होते. डॉक्टरांनी केबिनचं दार लावून, आवाज खाली आणून जे सांगितलं, ते चिठ्ठीवर आलं की चव्हाट्यावर? उद्या त्या रांगेत एखादा टीबीचा पेशंट असेल, एखादी मुलगी गर्भनिरोधक गोळ्या मागत असेल. त्यांनी कोणत्या सासऱ्यांचं नाव घ्यायचं?

"राहतात कुठे सासरे?" काकांनी विचारलं.

मी इमारतीचं नाव सांगितलं. का सांगितलं? कुणी विचारलं की सांगायचं, हा आपला संस्कार. नडला.

"अरे! म्हणजे आपले टेकडीवरचे! रोज बाकावर शेजारी बसतात माझ्या." काका क्षणभर गंभीर झाले. "तरीच हल्ली लवकर उठतात."

आज सकाळी सासऱ्यांचा फोन आला. घरी दोन किलो सुरण आलाय, वर आमसुलाची पुडी. आणि टेकडीवर आज सगळ्यांनी त्यांना बाकावर मधली जागा दिली, बसायच्या आधी खाली शाल अंथरली.

"कशाबद्दल असेल हो?" त्यांनी विचारलं.

"वयाचा मान," मी म्हणालो. उभ्यानेच.