सायटेशन मोजून अँटीबॉडी घेणाऱ्यांनो, जरा थांबा

पीएचडीवाल्यांच्या ग्रुपात एक सल्ला सारखा फिरतो: जी अँटीबॉडी (ठरावीक प्रोटीनला चिकटून ते दाखवणारा रेणू) सगळ्यात जास्त पेपरात वापरलीय, म्हणजे जिची सायटेशन जास्त, ती डोळे झाकून मागवा, मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून बनलेली) असेल तर टेन्शनच नाही, आणि पेप्टाइड (अँटीबॉडी प्रोटीनचा जो तुकडा पकडते त्याची नक्कल) टाकल्यावर वेस्टर्न ब्लॉटवरचा (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधायची टेस्ट) बँड, म्हणजे पट्टा, गेला की झालं सिद्ध. तिन्हीत लोचा आहे.

आधी सायटेशन. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे एपो, हे तांबड्या पेशी वाढवणारं हॉर्मोन; त्याचा रिसेप्टर (एपो ज्याला चिकटतं ते प्रोटीन) घ्या. सी-२० नावाच्या अँटीबॉडीने तो ट्यूमरमध्ये दिसतो असे पेपरवर पेपर आले, कॅन्सर पेशंटना एपो द्यावं का (ट्यूमरच वाढला तर?) यावरून वाद तापला, आणि २००६ मध्ये कळलं की ब्लॉटवर ६६ किलोडाल्टनला (प्रोटीनच्या वजनाचं एकक) जो ठसठशीत बँड यायचा तो एचएसपी७० नावाचं भलतंच प्रोटीन होता, रिसेप्टर नव्हताच, तो ५९ ला असतो. एकाने वापरली म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने म्हणून तिसऱ्याने, याला पुरावा नाही म्हणत, मेंढरं म्हणतात!

पेप्टाइडचं तर अजून भारी. ज्या जागेने अँटीबॉडी पकडते ती जागाच पेप्टाइडने अडवली की ती खऱ्या प्रोटीनलाही सोडते आणि चुकून पकडलेल्यालाही, मग बँड गेला यातून कळलं काय?

मोनोक्लोनल म्हणजे एकच एपिटोप (अँटीबॉडी पकडते तो प्रोटीनचा तुकडा), पण तसाच तुकडा दुसऱ्या प्रोटीनवर असला तर? शिवाय २०१८ मध्ये १८५ हायब्रिडोमा (मोनोक्लोनल बनवणाऱ्या पेशी) तपासले तर ५९ मध्ये अँटीबॉडीच्या जादाच्या चेन (साखळ्या) निघाल्या, म्हणजे 'मोनो' पण दरवेळी मोनो नसतं.

खरी टेस्ट नॉकआउटची, म्हणजे त्या प्रोटीनचा जीनच उडवून बघायची. जीन उडवलेल्या पेशीतही बँड तसाच असेल तर ती अँटीबॉडी बाद. एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराशी संबंधित सी९ओआरएफ७२ या प्रोटीनवर २०१९ मध्ये हेच केलं, तर गाजलेल्या पेपरांत वापरलेल्या काही अँटीबॉडी त्या प्रोटीनला ओळखतच नव्हत्या. मग २०२३ मध्ये वायकॅरॉस (YCharOS) या अँटीबॉडी तपासणाऱ्या ग्रुपने ६५ प्रोटीनच्या ६१४ अँटीबॉडी अशाच घासून बघितल्या, त्यात रिकॉम्बिनंटवाल्या (ठरलेल्या डीएनएवरून बनवलेल्या) सगळ्यात सरस ठरल्या. त्यांचे रिपोर्ट फुकट वाचता येतात, ऑर्डर टाकायच्या आधी बघा ना.

जीन उडवला की पेशीच मरते असंही होतं, मान्य, तिथे एसआयआरएनएने (जीनचा संदेश दाबणारा छोटा आरएनए) प्रोटीन कमी करून बघा. आणि वेस्टर्नला चालली म्हणून इम्युनोफ्लोरेसन्सला (पेशीतच प्रोटीन चमकवून मायक्रोस्कोपखाली बघायला) चालेल असं धरू नका, ब्लॉटवर प्रोटीन एसडीएस या डिटर्जंटने उलगडलेलं असतं, फिक्स केलेल्या पेशीत तसं नसतं, त्यामुळे तिथला कंट्रोल (तुलनेचा नमुना, जसं की नॉकआउट पेशी) तिथेच, वेगळा लावायचा.