डॉक्टरांची बोलेरो

मेहुण्याला जुनी बोलेरो घ्यायची होती. 'दाजींना गाड्यांतलं कळतं' म्हणून मला सोबत नेलं. हे वाक्य त्याने आता माझ्यासमोर परत म्हणून दाखवावं.

गाडी पांढरी, २०११ची, आणि अर्थातच 'डॉक्टरांनी वापरलेली'. जुन्या बाजारातल्या सगळ्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात. एवढे डॉक्टर खरोखर असते, तर आमच्या आत्याला सरकारी दवाखान्याच्या बाकड्यावर सकाळपासून ताटकळावं लागलं नसतं. असो.

मी टपावर हात फिरवला. मधोमध, ओळीने, चार ठिकाणी भोकं लांबीने बुजवलेली.

"इथे दिवा होता ना?"

"कॅरियर होतं साहेब."

"एवढंसं?"

"डॉक्टरसाहेब सामान कमी न्यायचे."

दाराकडे तिरपं बघितलं. उन्हाने रंग विटतो, पण चिकटवलेल्या अक्षरांखालचा तसाच राहतो. 'पो' आणि 'ली' मला चष्म्याशिवाय वाचता आले.

"हे पोलीस लिहिलंय."

"पोलीक्लिनिक, साहेब."

मेहुणा मान डोलावत होता. मी आत शिरलो. डॅशबोर्डखाली तोडलेल्या वायरी, शेजारी एक हूक.

"वायरलेसचा माइक अडकवायचा हा."

"स्टेथोस्कोप."

"आणि मागच्या काचांना जाळी?"

एजंटने एक क्षणही घेतला नाही. "डेंग्यूची साथ होती साहेब."

बोट सहज जाईल अशी जाळी! यावर मेहुणा हसला, आणि हसला तो मला. वर एजंट म्हणतो, "काका, तुम्ही पोलिसात होता का?"

मी उगाच खुसपट काढत नव्हतो. मागची आडवी बाकं मी पुराव्यात धरलीच नाहीत, ती बोलेरोत कंपनीकडूनच येतात. टूरिस्टवाली सुमो असती तर एवढी मेहनतही पडली नसती: नंबरप्लेटच्या कडेला राहिलेला पिवळा रंग आणि काचेवरचा खरवडलेला परमिटचा मजकूर पुरे. (सुमो हे नाव टाटांच्या मोटार कंपनीचे एकेकाळचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्यावरून आलंय, जपानी पैलवानांवरून नाही. हेही मेहुण्याला पटलेलं नाही.)

खरी मेख मीटरमध्ये होती. ६८,००० किलोमीटर. "चाललेलीच नाही," एजंट म्हणाला. नसेलच. बंदोबस्ताची गाडी चालत नाही, उभी राहते. गणपतीत, मोर्चात, मंत्र्याच्या सभेबाहेर, इंजिन घरघरत. मीटर चाकं मोजतं, इंजिनाचे तास मोजत नाही.

सरकारी लिलावात निर्लेखित, म्हणजे खात्याने वापरातून काढलेली, गाडी घेणं हा गुन्हा नाही. १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच नव्याने होत नाही, त्याआधी लिलावात निघालेल्या फिरतायत रस्त्यावर. फिरू देत. स्वच्छ सांगा, पोलिसांची आहे, त्या हिशोबाने भाव लावा. पण खरं बोललं की भाव पडतो, आणि भाव पडू नये म्हणून गिऱ्हाइकाच्या दाजीला येडा ठरवायचं. वर 'काका'!

मेहुण्याने तिथेच टोकन दिलं. बायकोचं मत असं की माझ्या माहेरचं काही चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही.

काल त्याचा फोन. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने गाडी बघून घाईघाईने हेल्मेट घातलं म्हणे. "दाजी, गाडीला काय रिस्पेक्ट आहे!"

क्लचप्लेट कितीला पडली, एवढंच विचारलं. त्याला नेमकी तेव्हाच रेंज मिळेना.